परातीतलं पिवळं पाणी

आमच्या घरमालकांची सून रंजिता भांडखोर आहे, असं गावात सगळे म्हणत. मी तिच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिले, एका नळावर तिच्याबरोबर हंडे भरले, तेव्हा माझंही ऐका. भांडणाऱ्या माणसाला जिंकायची हौस असते. रंजिताला जिंकण्याचं काही पडलं नव्हतं, तिला फक्त खरं काय ते कळायला हवं असायचं. लोकांना त्याचाच जास्त राग यायचा.

तुम्ही काहीही सांगा, ती एकच विचारणार, "कशावरनं?" नव्या बिल्डिंगमधलं पाणी आपल्यापेक्षा चांगलं असतं. कशावरनं? हापिसातला साहेब म्हणाला, गटारातून जाणारी पाण्याची लाईन पुढच्या महिन्यात बदलणार. कशावरनं? तिचे सासरे नामाकाका तर तिला हाकच "ए कशावरनं, च्या टाक" अशी मारत. तीही हसत हसत चहा टाकायची.

आम्ही साताऱ्याकडचे. आमचे हे, कृष्णात, कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी. बेलापूरच्या पुढे खाडीला लागून जी जुनी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात नामाकाकांनी सरकारने शेतं घेतल्यावर राहिलेल्या आपल्या जागेवर ओळीने खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक आमची. मी सांगते ती गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. खारघरला तेव्हा खाणी आणि अर्धवट उभे पिलर सोडले तर फारसं काही नव्हतं.

पण नामाकाकांचं घर लांबलांबच्या लोकांना माहीत होतं, ते त्यांच्या बायकोमुळे. पुतळाकाकी कावीळ उतरवायची. बुधवारी आणि रविवारी सकाळी अंगणात रोगी बसलेले असत. पनवेलचे, कामोठ्याचे, बेलापूरच्या हापिसातले शर्ट खोचलेले कारकूनसुद्धा. रोग्याने उपाशीपोटी यायचं. काकी दुर्वांच्या जुडीने त्याच्या हातांना कोपरापर्यंत औषध लावायची, स्वतःचं बोट न लावता. मग पितळेच्या परातीत चुन्याची निवळी असायची, तिच्यात तो हात धुवायचा, आणि बघता बघता पाणी पिवळंधमक व्हायचं. "बग, किती भरलेली होती अंगान," काकी म्हणायची. रोग्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. अशा तीन पाळ्या. दर पाळीला औषध थोडं कमी लागायचं, पिवळंही कमी व्हायचं, आणि तिसऱ्या पाळीनंतर माणूस मोकळा. वर तेल, हळद, डाळ बंद, हे पथ्य.

काकी यासाठी कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसे. "देवाचं देनं हाय. इकलं तं जाईल," म्हणायची. लबाड बाई असती तर माझी ही गोष्ट दोन ओळींत संपली असती. पण पुतळाकाकी सोन्यासारखी होती. माझ्या कुलदीपला कावीळ झाली तेव्हा तिने त्याला मांडीवर घेऊन त्याच्या हातांना औषध लावलं होतं, आणि तो खडखडीत बरा झाला. मी तिला देवाच्या जागी मानत होते, हे आधीच सांगून टाकते.

त्या औषधाचे दोन नियम होते. एक, गुण सुनेला द्यायचा, लेकीला नाही. लेक तो परक्या घरी घेऊन जाते. म्हणून दिवाळीच्या अवसेला मंत्र द्यायचा तेवढा बाकी ठेवून काकीने बाकीचं सगळं रंजितावर सोपवलं होतं. पहाटे कुणाशी न बोलता आंब्याची साल काढून आणणं, ती कुटणं, चुन्याची निवळी धरणं, शेवटी परात घासणं. दुसरा नियम जास्त कडक. ज्याला कावीळ नाही, त्याने परातीत हात घालायचा नाही. घातला तर दुसऱ्याची कावीळ त्याला चिकटते.

एका बुधवारी रंजिता साल कुटत होती. निवळीने भरलेली परात शेजारीच होती, अजून एकही रोगी आत आला नव्हता. कोंबडी फडफडत परातीवर आली, तिला हाकलायला रंजिताने हात घातला, आणि सालीच्या रसाने माखलेला तो हात मनगटापर्यंत निवळीत बुडाला. पाणी पिवळं झालं.

तिने ते पाणी ओतून दिलं, परात पुन्हा भरली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर रोज सकाळी नळावर ती मला धरायची.

"ताई, माजं डोलं बगा. पिवलं दिसतान का?"

"न्हाई की."

"नीट बगा ना."

मला वाटलं, पोरीला दिवस गेलेत आणि काहीतरी डोहाळे लागलेत. कसलं काय. ती घाबरली होती, आणि कावीळ यायची वाट बघत होती. नियमाप्रमाणे यायलाच हवी होती. रोज डोळे बघायची, नखं बघायची, जेवण जातंय का बघायची. जेवण तर असं जात होतं की सासूने एकदा टोमणाही मारला. महिना सरला तरी कावीळ आली नाही, तेव्हा तिने मला सगळं सांगितलं.

"त्या पान्यान कुनीच हात घातला नवता, ताई. मंग कोनाची कावील होती ती?"

मी कानांवर हात ठेवले. पण ती ऐकेल तर रंजिता कसली. दुपारी घरात कुणी नसताना तिने मला मागल्या पडवीत ओढत नेलं. स्टीलच्या ताटात निवळी घेतली. आधी नुसता हात धुतला. काही नाही. मग सालीचा रस लावून धुतला. पिवळं. दुसरं ताट घेतलं, पुन्हा तसंच. पिवळं.

"पान खाताना कात आनि चुना लाल होतो, त्याला काय देव लागतो? तसंच हाय हे. साल आनि चुना. बास."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "मग माझा कुलदीप बरा झाला तो कसा?" मी विचारलं.

"झाला ना बरा. पन औषदानं झाला हे कशावरनं?"

मी तिच्याशी बोलणं टाकलं. नळावर तिच्याआधी हंडा लावून निघून यायची. आपल्या पोराला ज्याने वाचवलं त्याच्यावर शंका घेणारं माणूस डोळ्यांसमोर नको वाटतं, मग ते कितीही खरं बोलत असो. शेवटी तीच एक दिवस भाजी निवडायला माझ्या दारात येऊन बसली, जणू काही झालंच नव्हतं.

ती कामोठ्याला जाऊन आली होती. तिथला वामन नावाचा एक रिक्षावाला आमच्याकडे तिन्ही पाळ्या करून गेला होता, पण बरा झाल्यावर सगळे देवापुढे नारळ फोडायला येतात तसा आला नाही. रंजिता विचारत विचारत त्याच्या घरी पोचली. त्याची बायको गिरजाबाई पांढऱ्या कपाळाने दारात उभी होती. तिचा पुतळाकाकीवर काडीचा राग नव्हता. उलट ती म्हणाली, औषध चांगलंच होतं, यांनीच पथ्य मोडलं. कुणाच्या तरी लग्नात वरण खाल्लं.

"ताई, बरी झालेली येतान नारल घेऊन. नाय झाली ती कशी येतील सांगाला?" रंजिता मेथीच्या काड्या तोडत म्हणाली. "मानूस वाचला तं औषद खरं. मेला तं पथ्य मोडलं. मंग हे औषद खोटं ठरनार कवा?"

 खरं सांगायचं तर मी उत्तर शोधलंही नाही, कुलदीपला हाक मारून आत घेतलं आणि भात टाकला.

तिने घरात तोंड उघडलं नाही याचं कारण सासूच होती. "आई खोटं बोलत नाय. तिला तिच्या सासूनं सांगलं, तिनं खरं मानलं. मी कोनत्या तोंडानं सांगू?" असं म्हणून ती गप्प राहिली. तो गप्प बसण्याचा काळ तिच्या नणंदेने संपवला.

सुगंधा ही पुतळाकाकीची एकुलती लेक. गणपतीनंतर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आठवा लागला होता. आली तेव्हा गुलाबी होती. पंधरवड्यात तिला ओकाऱ्या सुरू झाल्या, अन्नाचा वास नको झाला, आणि मग डोळे पिवळे पडले. त्या पावसात गावात कावीळ पुष्कळ होती. पण पुतळाकाकी निर्धास्त. दुनियेची उतरवते, लेकीची उतरवणार नाही?

पहिल्या पाळीला परात पिवळीधमक. दुसऱ्या पाळीला पाणी फिकट. काकीचा चेहरा उजळला. रंजिता माझ्या कानाशी म्हणाली, "औषद कमी लावलं, आनि साल पन शिली हाय. काल पावसान ताजी काढली नाय मी."

सुगंधाचा रंग मात्र फिकट होत नव्हता. ती बोलता बोलता झोपायला लागली. रंजिताने नवऱ्याला, मिथुनला, रात्रंदिवस टोचून टोचून तयार केलं. तोही बिचारा कात्रीत सापडलेला. आईलाही दुखवायचं नाही आणि बायकोलाही उत्तर द्यायचं, म्हणून तो बहिणीला हायवेजवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने नाडी धरली, सलाईन लावलं, शेजारच्या खाटेवर ताप आलेल्या माणसालाही तेच लावलेलं होतं. रंजिताने विचारलं, यानं उतरते हे आम्हाला कळणार कसं? रक्त बघायचं नाही का? डॉक्टर म्हणाला, तू डॉक्टर की मी?

"आमचे आईंची परात हाय आनि तुमची बाटली," रंजिता म्हणाली, "एवराच फरक." मिथुन तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. 

मग तिसऱ्या पाळीचा रविवार उजाडला. अंगण भरलेलं होतं. सुगंधाला दोघी बायकांनी धरून आणलं, तिची मान स्थिर राहत नव्हती. पुतळाकाकीने दुर्वांची जुडी उचलली आणि रंजिता मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, ही पाली नाय करायची. तिला आता वाशीला न्यायची, मोठे दवाखान्यान."

"बाजूला हो."

"नाय होत."

अंगणात कुजबुज सुरू झाली. एवढ्या माणसांत सून सासूला आडवी येतेय, हे कुणी पाहिलं नव्हतं. नामाकाकांनी आवाज चढवला. मिथुन खाली बघत राहिला. माझे पाय मात्र रंजिताच्या बाजूला जाऊन उभे राहिले. का गेले ते माझं मलाच तेव्हा कळलं नाही.

"माजी लेक मी मारीन का गं?" पुतळाकाकी म्हणाली. 

"नाय मारनार. म्हनूनच सांगतंय. आई, तुमी कवा या परातीन हात घातलाय? एकदा तरी? औषद लावून घाला. तुमाला कावील नाय. पानी पिवलं नाय झालं तं मी खोटी."

"ते घालायचं नसतं."

"का नसतं? जे बगाला मनाई हाय तेच मना बगायचं हाय."

पुतळाकाकीने जुडी खाली घेतली. मला वाटलं, आता ही सुनेच्या मुस्काटात देणार. पण तिचा स्वतःच्या औषधावर इतका विश्वास होता की तिने दुसरं काहीतरी केलं. तिने बांगड्या मागे सारल्या, जुडी रंजिताच्या हातात दिली आणि दोन्ही हात पुढे केले. रंजिताने त्यांना कोपरापर्यंत औषध लावलं. काकीने डोळे मिटून हात परातीत घातले.

पाणी पिवळं झालं. आधीच्या कुणाही रोग्याचं झालं नव्हतं इतकं, कारण त्या दिवशी साल ताजी होती.

 काकीने डोळे उघडले, पाणी पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. आनंद आला.

"आली," ती म्हणाली. "माजे लेकीची कावील माज्यावर आली. सुटली माजी पोर."

बायकांनी हात जोडले. एक म्हातारी रडायला लागली. मीही मनात म्हटलं, संपलं, रंजिता हरली. विश्वासाच्या अंगात एवढं बळ असतं की तुम्ही त्याच्यावर टाकलेला दगड तो पायरी म्हणून बसवून घेतो.

रंजिताने पदर खोचला.

"बरं. आली तं आली," ती म्हणाली. "मंग आता सुगंधाचं रक्त चोख असंल आनि तुमचं खराब. चला दोगीपन. दोगींचं रक्त तपासू. अवो, गारी कारा."

पुतळाकाकी थबकली. "आनि तुजं खोटं निगालं तं?"

"तं मी अवसेला मंत्र घेन, आनि जलमभर ही परात घासंन. तोंडातून अक्षर नाय काडनार. तुमचं खोटं निगालं तं?"

 काकी आत गेली आणि लुगडं बदलून आली. मिथुनने गाडी काढली. मागे सुगंधाचं डोकं आईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, आणि पुढे रंजिता, अशा आम्ही निघालो.

वाशीला डॉक्टरीणबाई होत्या, तरण्याच. त्यांनी सुगंधाचे डोळे पाहिले, तिला नाव विचारलं, आणि तिला नाव सांगायला वेळ लागला तसा त्यांचा चेहरा बदलला. रक्त दोघींचं घेतलं. म्हातारीचं कशाला, असं नर्सने विचारलं, तर रंजिता म्हणाली, ते जास्त गरजेचं आहे.

पुतळाकाकीचं रक्त स्वच्छ निघालं. लेकीचं फार बिघडलेलं होतं, इतकं की रक्त गोठायलाही वेळ लागत होता. काकी भिंतीला टेकून खाली बसली. रंजिताने एक शब्द तिला ऐकवला नाही. ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. तिची तपासणी अजून संपली नव्हती.

"तुमी काय औषद देनार?"

"कावीळ उतरवायचं औषध माझ्याकडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेकांची आपोआप जाते. पोटुशी बाई असली तर जिवावर बेतू शकते. मी तिच्या शरीराला जपू शकते, बस. उद्या पुन्हा रक्त बघू. सुधारलं नाही तर मी चुकतेय असं धरून पुढचं ठरवू."

रंजिता तिथल्या बाकड्यावर बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा रडली. नंतर मला म्हणाली, "ताई, आज पयल्यांदा कुनी सांगलं, मी चुकंन तं कसं कलंल ते. मी हिचे हाती देते सुगंधाला."

सुगंधा वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. दिवस भरायच्या आधीच आली आणि रडलीच नाही.

पुतळाकाकीने डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "आदी आनलं असतं तं?" बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगता येत नाही, मावशी. कदाचित."

गावाने मात्र निकाल दिला. तिसरी पाळी मोडली म्हणून बाळ गेलं. सुनेनेच घात केला. रंजिता नळावर आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. माझं रक्त उकळायचं. मी एकदोघींना चांगलं सुनावलं, आमच्या साताऱ्याच्या भाषेत, की हिच्यामुळे तुमची सुगंधा जिवंत आहे. तर रंजिताने मलाच गप्प केलं.

"तसं म्हनू नका, ताई. माज्यामुलं वाचली हे कशावरनं? वाचनारी असंल म्हनून पन वाचली असंल. आपन आपले बाजूनं बोललं म्हनून ते खरं होत नाय."

अशी बाई. जगाने दिलेला दोष तिने खाली मान घालून घेतला नाही, आणि मी दिलेलं श्रेयही घेतलं नाही. ती उठून गटारातल्या पाण्याच्या लाईनीवर भांडायला बेलापूरच्या हापिसात जाऊ लागली. पाणी उकळून प्यायचं, हे तिने आमच्या सगळ्या खोल्यांत दंडेलीने लागू केलं.

पुतळाकाकी तिच्याशी बोलत नव्हती. दिवाळीची अवस आली आणि गेली. मंत्राचं नाव निघालं नाही. परात अंगणाच्या कोपऱ्यात उपडी पडून होती आणि येणाऱ्या रोग्यांना नामाकाका दारातूनच परत पाठवत होते.

त्यानंतरच्या एका बुधवारी कळंबोलीचा एक माणूस बायकोला घेऊन आला. बायकोचे डोळे पिवळे, पोटही दिसत होतं. काकांनी नाही म्हटलं तर तो पाया पडायला लागला. आजूबाजूच्या बायका जमल्या. सगळ्यांना वाटलं, पुतळाकाकीला पाझर फुटणार. आणि फुटलाही. ती आतून आली, कोपऱ्यातली परात तिने स्वतः आणली. "साल आन," ती रंजिताला म्हणाली. किती दिवसांनी ती तिच्याशी बोलत होती. रंजिताने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे साल कुटून आणली, निवळी ओतली. मी दारात उभी होते. एवढं होऊन पुन्हा तेच?

बाईने बाह्या वर केल्या. पुतळाकाकीने तिला मागे सारलं आणि नवऱ्याकडे बोट केलं.

"आदी तुजं हात."

"मला काही झालं नाही, आजी."

"म्हनूनच. घाल."

त्याने घाबरत घाबरत हात धुतले. पाणी पिवळं झालं तसा तो पांढरा पडला. पुतळाकाकीने परात उचलली, सगळ्या बायकांना दिसेल अशी धरली, आणि पिवळं पाणी तुळशीच्या मागे ओतून दिलं.

"तुला काय झालं नाय. मना पन काय झालं नवतं," ती त्याला म्हणाली. "हिला आताच वाशीला ने. उशीर करू नको. मी केला."